पडीक घर भाड्याने द्यायचंय : किती मोडायचं, किती ठेवायचं?

पत्र, थोडक्यात : गुंतवणूक म्हणून एक जुनं बैठं घर घेतलं आहे. वय साधारण ३५ वर्षं. दोन झोपायच्या खोल्या, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक न्हाणीघर. चार वर्षं बंद होतं, म्हणून स्वस्तात मिळालं. एका खोलीत स्लॅबचा गिलावा पडून सळया उघड्या पडल्या आहेत. न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीला ओल आहे, लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) लागलाय, रंगाचे पोपडे निघतायत. वायरिंग जुनं आहे, बोर्डावर अजून तारेचे फ्यूज आहेत. नळाची धार बारीक आहे आणि घरात शिरलं की गटाराचा वास येतो. कंत्राटदार म्हणतो, "सगळं विटेपर्यंत खरवडू, ड्रेनेज नवं टाकू, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग करू, भाडं आपोआप वाढेल." मेहुणे म्हणतात, "रंग मारा आणि देऊन टाका, भाडेकरू शेवटी वाट लावणारच." पत्नीचं मत, आहे तसं विकून मोकळे व्हा. हाताशी आहेत त्या पैशांत कंत्राटदाराच्या यादीतलं निम्मं काम होईल, बाकीसाठी कर्ज काढावं लागेल. "एकदाच करायचं तर पूर्ण करावं, असं मला वाटतं. नेमकं किती करावं?"

तुमचं शेवटचं वाक्य, ‘एकदाच करायचं तर पूर्ण’, अर्धं खरं आहे. अर्धंच खरं असल्यामुळे ते महागात पडतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करू.

खरं कुठे आहे? जे काम भिंतीच्या, फरशीच्या किंवा गिलाव्याच्या आत दडलेलं आहे, तिथे. न्हाणीघराच्या टाइल्स एकदा फोडल्या की त्यांच्यामागची पाइपलाइन, नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचं पाणी साठवून ठेवणारं वळण) आणि वॉटरप्रूफिंग त्याच वेळी उरकलं पाहिजे. टाइल्स वीस वर्षं टिकणार असतील, तर त्यांच्यामागचं सगळं निदान तेवढं टिकायला हवं. नव्या टाइल्समागे जुना गंजका पाइप ठेवणं म्हणजे तीन वर्षांनी त्याच टाइल्स पुन्हा फोडण्याची तयारी करणं.

खोटं कुठे आहे? जे डोळ्यांना दिसतं आणि नुसत्या स्क्रूवर बसतं, तिथे. कपाटं, दिवे, नळाच्या तोट्या, दारांचा रंग, स्वयंपाकघरातले कप्पे हे सगळं दोन भाडेकरूंच्या मधल्या आठवड्यात बदलता येतं. ते ‘एकदाच’ करायची काही गरज नाही. उलट आज केलेलं मॉड्युलर किचन तिसऱ्या भाडेकरूपर्यंत जुनंच झालेलं असेल. तेव्हा कंत्राटदाराच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा : हे नंतर करायचं झालं तर काही फोडावं लागेल का? ‘हो’ असेल तर ते आत्ताच्या विचारात घ्या. ‘नाही’ असेल तर ते थांबू शकतं.

आता एकेक दुखणं पाहू. आधी वास, कारण तो कदाचित फुकटात जाईल.

घर चार वर्षं बंद होतं. प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये, बेसिनखालच्या वळणात आणि संडासाच्या भांड्यात साधारण ५० मिमी पाणी साठून राहतं, आणि गटारातला वायू वर येऊ नये म्हणून तेच बूच असतं. वापर नसला की हे पाणी काही आठवड्यांत सुकतं आणि गटार थेट घरात उघडतं. सगळ्या ट्रॅपमध्ये एकेक बादली पाणी ओता, संडास फ्लश करा, खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवा. त्यानंतरही एखाद्याच ठिकाणी वास राहिला तर त्या ट्रॅपला तडा असेल किंवा जोड सुटला असेल; तेवढाच दुरुस्त करायचा. बाहेरच्या चेंबरची झाकणं उघडून आतून बादलीभर पाणी सोडा. पाणी न तुंबता, एका दमात येत असेल तर लाइन चांगली आहे. ही तपासणी होईपर्यंत ‘ड्रेनेज नवं टाकू’ या ओळीला होकार देऊ नका.

स्लॅबच्या बाबतीत मात्र काटकसरीचा विचार बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातला सगळ्यात गंभीर मजकूर तोच आहे, आणि मेहुण्यांचा सल्ला तिथेच कोसळतो. ज्या खोलीत छताचे तुकडे पडतात, ती खोली कुणालाही झोपायला देता येत नाही. भाडं कमी घेतल्याने तुकड्याचं वजन कमी होत नाही.

मुळात होतं काय, ते समजून घ्या. मग कोण बरोबर सांगतोय ते तुमचं तुम्हालाच कळेल. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२.५ च्या आसपास असतो, आणि त्या वातावरणात आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल आत मुरत गेली की पीएच ९ च्या खाली येतो आणि सळईचं हे संरक्षण जातं. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि सळईवरचा काँक्रीटचा थर आतून ढकलून पाडतो. म्हणजे तुम्हाला जो ‘गिलावा पडलेला’ दिसतोय, तो बहुधा नुसता गिलावा नाही. त्यावर साधा सिमेंटचा माल थापून रंग दिला तर गंज आत चालूच राहतो आणि थापलेला माल एक-दोन पावसाळ्यांत खाली येतो.

दुरुस्ती अशी होते. आधी खालून टेकू. टेकू लागल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका. मग सगळी स्लॅब हातोडीने ठोकून पोकळ, बद्द आवाजाचे भाग खडूने आखायचे. आखलेल्या भागातलं कमकुवत काँक्रीट काढून सळईच्या मागेसुद्धा २० ते २५ मिमी मोकळं करायचं. सळई गंज जाऊन चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधक थर द्यायचा, जुन्या-नव्याची पकड धरणारा बाँडिंग कोट लावायचा आणि पॉलिमर मिसळलेला माल थरांनी भरायचा. सळई झिजून बरीच बारीक झाली असेल तर शेजारी नवी सळई पुरेशा लांबीची जोड देऊन बांधायची. किती, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं, मिस्त्रीने नाही. अनेकदा एक चूक होते : फक्त पडलेल्या तुकड्याएवढीच चौकट दुरुस्त करतात. मग नव्या मालाच्या कडेला लागून असलेली जुनी सळई आणखी वेगाने गंजते आणि दोन वर्षांनी ठिगळाभोवती नवी रिंगण-भेग उमटते. म्हणून पोकळ आवाज जिथे संपतो, त्याच्या थोडं पुढेपर्यंत जायचं.

इंजिनिअरला एक चाचणी आवर्जून करायला सांगा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो आणि पीएच उतरलेला भाग रंगहीन राहतो. चार-पाच ठिकाणी पाहिलं की दुखणं एका खोलीपुरतं आहे की घरभर पसरलंय, ते कळतं. तुमचा सगळा निर्णय या एका उत्तरावर फिरू शकतो. एका खोलीपुरतं असेल तर दुरुस्ती. स्लॅब खाली वाकलेली असेल, बीमला रुंद भेगा असतील किंवा बहुतेक क्षेत्र पोकळ वाजत असेल, तर हा नूतनीकरणाचा प्रश्नच उरत नाही. मग पर्याय दोनच : नवी स्लॅब, नाहीतर विक्री. त्या घरात रंगाचा डबाही नेऊ नका.

आणि स्लॅबला ओल कुठून मिळाली, हे शोधल्याशिवाय खालून दुरुस्ती करू नका. गच्ची तपासायची नेहमीची रीत म्हणजे पाणी कोंडून ठेवणं. पण इथे तसं करू नका. २५ मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला २५ किलो भार, आणि तुमची स्लॅब आधीच अशक्त आहे. त्याऐवजी नळीने एकेक भाग भिजवा. उताराच्या खालच्या टोकापासून सुरू करा, प्रत्येक भागाला अर्धा-पाऊण तास द्या आणि खाली कुणाला तरी बघायला बसवा. बहुतेक वेळा गळती गच्चीच्या मधोमध नसते. पन्हाळीच्या तोंडाशी आणि कठड्याच्या व स्लॅबच्या सांध्यात असते. तसं निघालं तर संपूर्ण गच्चीचं वॉटरप्रूफिंग न करता सांधे आणि तोंडं दुरुस्त करून भागतं. गच्चीला उतार मात्र पाहा. मीटरमागे किमान १० मिमी उतार नसेल आणि पाण्याची डबकी साचत असतील, तर कुठलंही रसायन फार काळ तग धरणार नाही.

न्हाणीघराच्या ओलीबद्दलही आधी शोध, मग छिन्नी. तीन संशयित आहेत : पाणी आणणारा पाइप, पाणी नेणारा पाइप आणि जमीन. त्यांना एकेक करून वेगळं काढायचं. रात्री सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा किंवा टाकीतली पातळी खुणेने नोंदवा, सकाळी पाहा. फरक पडला तर आणणारा पाइप गळतोय. फरक नसेल तर दुसऱ्या दिवशी नळीचं टोक थेट ट्रॅपमध्ये घालून, जमीन ओली न करता, पाच-सहा बादल्या पाणी सोडा आणि भिंतीकडे लक्ष ठेवा. तिसऱ्या पायरीला ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर २५ मिमी पाणी ४८ तास ठेवा. दोन चाचण्यांच्या मध्ये दोन कोरडे दिवस जाऊ द्या, नाहीतर कालची ओल आजच्या खात्यावर लागेल.

नळाची बारीक धार मात्र जवळजवळ आपला निकाल सांगूनच टाकते. एवढ्या जुन्या घरात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असतील तर ते बहुधा आतून गंजून बरेच बुजलेले असतात. तोटी बदलून धार वाढत नाही. एकदा खात्री करायची तर एक जोड उघडून आत पाहा. गंज दिसला तर न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, दोन्हीकडची पाणी आणणारी लाइन पूर्ण बदला आणि दोन्ही ठिकाणी सहज हाताला येईल असा बंद करायचा वेगळा कॉक बसवा. पुढे एखादी तोटी बिघडली तर अख्ख्या घराचं पाणी तोडावं लागणार नाही. नवी लाइन भिंतीत झाकण्याआधी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबावर किमान दोन तास तपासा. वॉटरप्रूफिंग भिंतीवर ३०० मिमी वर चढवा, अंघोळीच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलाई करा आणि ट्रॅपच्या गळ्याभोवतीचं काम स्वतः उभं राहून करून घ्या. सगळ्यात जास्त गळती तिथूनच होते. मग टाइल्स लावण्यापूर्वी पुन्हा ४८ तास पाणी कोंडा. याच टप्प्यावर कंत्राटदार घाई करतो. होऊ देऊ नका.

वायरिंगवर फार लिहीत नाही, कारण यात निवड करण्यासारखं काही नाही. फ्यूजच्या जागी एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) लावून जुनी तार तशीच ठेवणं ही दुरुस्ती नव्हे. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो, आणि तारेचं आवरणच वाकवल्यावर तडकत असेल तर वाचवायला काही उरलेलं नाही. वीजतंत्रज्ञाकडून ५०० व्होल्टवर मेगर चाचणी (तारेचं आवरण किती शाबूत आहे ते मोजणारी) करून घ्या. १ मेगाओमच्या खाली आकडा आला तर तार बदला. बदलताना दिव्यांना १.५ चौरस मिमी, जास्त भाराच्या सॉकेटला २.५, गीझर किंवा एसीला ४. प्रत्यक्ष अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. जमिनीकडे वाहू लागलेला प्रवाह तो सेकंदाच्या अंशात तोडतो. परक्या माणसाचं मूल त्या घरात रांगणार आहे. या ओळीत पैसे वाचवू नका.

इथवर जे आलं ते सगळं पहिल्या टप्प्यात जातं : स्लॅब, गच्ची, न्हाणीघर, पाइप, वायरिंग. हे करायचं, नाहीतर घर भाड्याने द्यायचं नाही. खरा ‘किती करावं’ हा प्रश्न यापुढे सुरू होतो, आणि तिथे कंत्राटदाराचं ‘भाडं आपोआप वाढेल’ हे वाक्य वजन करून घ्यायला हवं.

हिशेब पैशांत न मांडता भाड्याच्या महिन्यांत मांडा. आधी घरापासून चालत जाण्याच्या अंतरातली भाड्याने निघालेली पाच-सहा घरं स्वतः बघून या. भाडं किती मागतात ते ऐकायला मिळेलच. तुम्ही विचारायचं ते असं, की मागची तीन घरं किती भाड्याला आणि किती दिवसांत गेली. त्यातून त्या वस्तीत साध्या, नीटनेटक्या घराचं भाडं कळेल. त्याला १०० धरा. सगळ्यात भारी घरालाही किती मिळतं तेही पाहा. तुमच्या घराची कमाल मर्यादा तीच. आत कितीही खर्च केला तरी बाहेरचा रस्ता तोच राहतो.

आता आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. तुमचे वेगळे असतील. समजा पहिल्या टप्प्याला १४ महिन्यांच्या भाड्याइतका खर्च येतो आणि घर ८० ला जाण्यासारखं होतं. दुसरा टप्पा म्हणजे फरशीची डागडुजी, दारं-खिडक्या, स्वयंपाकाचा ओटा आणि साधे कप्पे, रंग. त्याला आणखी ६ महिन्यांच्या भाड्याइतका खर्च येतो, भाडं ९७ होतं. तिसरा टप्पा मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग आणि सगळी नवी फरशी. त्याला आणखी २० महिन्यांच्या भाड्याइतका खर्च येतो, भाडं १०५ होतं. कंत्राटदार तुम्हाला एकूण हिशेब दाखवेल : ४० महिन्यांचा खर्च, १०५ भाडं, म्हणजे ३८ महिन्यांत वसूल. ऐकायला उत्तम. पण टप्पे सुटे करा. पहिला १७-१८ महिन्यांत वसूल होतो. दुसरा वाढीव १७ च्या जोरावर ३५ महिन्यांत. तिसऱ्याला मात्र ८ च्या वाढीतून २० महिने फेडायचे आहेत, आणि त्या कामासाठी घर आणखी दोन महिने रिकामं राहणार, म्हणजे २२. त्याला लागतात २७५ महिने, जवळजवळ २३ वर्षं. किचनची कपाटं एवढी वर्षं जगत नाहीत. पहिल्या दोन टप्प्यांची कमाई तिसऱ्याचा तोटा झाकून टाकते, म्हणून एकत्रित आकड्यावर कधीही निर्णय घेऊ नये.

कर्ज या गणितात कुठे बसतं तेही दिसेल. तिसऱ्या टप्प्यातून वर्षाला मिळते साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी वाढ, २२ महिन्यांच्या खर्चावर. म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास. कर्जाचा दर याहून जास्त असेल तर फॉल्स सीलिंगचे पैसे दरवर्षी तुमच्या खिशातून जात राहतील. शिवाय वाढीव भाडं देणारा माणूस मिळायला घर एक महिना जास्त थांबलं, तर त्या वर्षाची सगळी वाढ त्या एका महिन्यात गेली.

या हिशेबातून तुमच्या घरासाठी मला दिसतं ते असं : पहिला टप्पा पूर्ण, दुसरा बेताचा, तिसरा नाही. दुसरा टप्पा हाताशी असलेल्या पैशांत बसेल का, हे पहिल्या टप्प्यातला खर्च नक्की झाल्यावर ठरवा.

दुसऱ्या टप्प्यात भाडेकरू कशासाठी पैसे मोजतो? कोरड्या भिंती, नळाला धार, नीट लागणारी दारं-खिडक्या, चांगलं कुलूप, ओट्याजवळ पुरेसे सॉकेट, धूर-वाफ बाहेर जायची सोय, उजेड. फरशी आधी ठोकून पाहा. दहा-बारा लाद्या पोकळ वाजत असतील तर तेवढ्याच बदला, बाकीचे सांधे खरवडून नवीन ग्राउट भरा. जुन्या फरशीवर नवी चिकटवायचा सल्ला मिळेल. त्यात जमीन १२ ते १५ मिमी वर येते, सगळी दारं खालून कापावी लागतात आणि उंबऱ्याशी, न्हाणीघराशी पातळीचा घोळ होतो. न्हाणीघराची जमीन खोलीपेक्षा खालीच राहिली पाहिजे. सगळ्या घराला एकच रंगछटा ठेवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या वेळी अख्खी खोली न रंगवता एक भिंत करून भागेल. लाद्यांची एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवा. तोट्या अशा निवडा की ज्यांचे सुटे भाग सहज मिळतात. चौकटींना खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. आत घुसला तर वाळवी किंवा कूज आहे, आणि वाळवीचा बंदोबस्त नवं लाकूड बसवण्याआधी करायचा.

मेहुण्यांची भीती, की भाडेकरू वाट लावतील, अगदीच चुकीची नाही. पण तिचं उत्तर घर खराब ठेवणं हे नाही. मजबूत, साध्या वस्तू बसवा. चावी देताना प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा आणि वस्तूंच्या यादीवर दोघांच्या सह्या घ्या, पुरेशी अनामत ठेवा. ओल आणि गळती सोसत राहिलेला भाडेकरूच लवकर निघून जातो किंवा घराकडे दुर्लक्ष करतो.

पत्नीच्या म्हणण्याकडेही नीट बघा, कारण तो पर्याय तुम्ही पत्रात एका ओळीत मिटवला आहे. ‘स्वस्तात मिळालं’ ही गोष्ट आता हिशेबात नाही. आज हे घर आहे तसं कितीला जाईल, हा आकडा हवा. समजा १५० महिन्यांच्या भाड्याइतकं. त्यात पहिल्या दोन टप्प्यांचे २० घाला : १७० अडकले. वर्षाचं ९७ च्या हिशेबाने भाडं ११.६ महिने, त्यातून एक महिना रिकामा, आणि दुरुस्ती, कर, विमा मिळून दीड महिना वजा करा, हातात सव्वानऊच्या आत. म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या जवळ, आणि घराची किंमत वाढली तर ती वेगळी. हा आकडा तुम्हाला पुरतो का, की तेवढेच पैसे ठेवीत ठेवून मनाला शांतता हवी, हे घरी दोघांनी बसून ठरवायचं. स्लॅबचा अहवाल वाईट आला तर पत्नीचंच म्हणणं बरोबर ठरेल. फक्त तो अहवाल खरेदीदारापासून लपवू नका.

यातलं काहीही पक्कं करण्याआधी दोन दिवसांची ‘उघडून पाहणी’ मजुरी देऊन करून घ्या. न्हाणीघरातल्या चार टाइल्स, दोन स्विचबोर्ड, स्लॅबचा चौरस मीटरभर पोकळ भाग, पाइपचा एक जोड. झाकलेल्या घरावर दिलेलं दरपत्रक हा अंदाजच असतो, आणि अंदाज चुकला की भुर्दंड मालकाला पडतो. त्यानंतर दरपत्रक एकगठ्ठा न घेता बाबवार मागा : किती चौरस मीटर स्लॅब दुरुस्ती, किती मीटर पाइप, विजेचे किती पॉइंट, कुठला माल. स्लॅब आणि वॉटरप्रूफिंगसाठी २० टक्के राखीव ठेवा; दिसणाऱ्या कामाला १० पुरतात. पैसे चाचणी झाल्यावर द्या : पाइपचा दाब टिकला, की एक हप्ता, न्हाणीघरात ४८ तास पाणी टिकलं, की पुढचा. वाढीव काम तोंडी सांगू नका. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक पाइप आणि तारेचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढा. पुढे कुणी खिळा ठोकायला गेला तर उपयोगी पडतो.

क्रम चुकला तरी पैसे वाया जातात. तोडफोड, स्लॅब आणि गच्ची, आतल्या लाइन्स, चाचण्या, गिलावा, टाइल्स, दारं-खिडक्या, रंग आणि शेवटी तोट्या व दिवे. कंत्राटदाराकडे रंगारी मोकळा आहे म्हणून रंग आधी काढायचा नाही.

रंगाच्या बाबतीत त्या ओल्या भिंतीचा अपवाद करा. गळती थांबली तरी भिंत लगेच सुकत नाही. ढोबळमानाने दर २५ मिमी जाडीला एक महिना धरतात. तुमची भिंत वीट-जाडीची, २३० मिमी असेल तर नऊ महिनेही लागू शकतात. पोपडे आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, धुतलेले क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. बाहेरच्या बाजूला माती जोत्याच्या ओल-अडवणाऱ्या थराच्या वर चढली असेल तर ती निदान १५० मिमी खाली उतरवा. या वर्षी त्या एका भिंतीला प्लास्टिक पेंट किंवा पुट्टी नको, चुन्यासारखा श्वास घेणारा रंग द्या. येणाऱ्या भाडेकरूला आधीच सांगा की ही भिंत सुकते आहे, कपाट तिला टेकवू नका, आणि पुढच्या वर्षी आम्ही ती पक्की रंगवून देऊ. कंत्राटदाराच्या बिलातली दहा टक्के रक्कमही त्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा कडेने चिकटवून चोवीस तासांनी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसेनासे होईपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या.